शिट्टीमामांच्या नावावर लागलेल्या फायली

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
कारखाना सुरक्षा निरीक्षण कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक ७.

विषय: ओतकाम कारखान्याच्या संगणकावरील तपासणी-फायलींची मालकी गेटवरील पहारेकऱ्याच्या नावे कशी लागली याचा खुलासा, आणि त्याबद्दलचा गुन्हा त्यांच्याऐवजी अर्जदारावर नोंदवण्याबाबत.

संदर्भ: १) आपली दि. १५ ऑक्टोबरची नोटीस. २) पहारेकऱ्याविरुद्ध दि. १० ऑक्टोबर रोजी पोलीस ठाण्यात नोंदवलेला 'नोंदींत फेरफार' हा गुन्हा.

महोदया,

वरील नोटिशीत आपण विचारले आहे की, "फायलींच्या मालकीत बदल कोणी व केव्हा केला, ते एका परिच्छेदात कळवावे." कोणी केला, हे एका शब्दात सांगता येते: अर्जदाराने. केव्हा, हे मात्र एका परिच्छेदात मावत नाही, कारण बदल दोनदा झाला आणि दोन्ही वेळा माणूस मोडला. म्हणून अर्ज लांबला आहे. तो पूर्ण वाचावा, अशी विनंती. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सर्व मजकूर डाव्या हाताने टंकलेला आहे. चुका असल्यास सांभाळून घ्याव्यात.

१. सदर अर्जदार हा कारखान्यात अकरा वर्षे संगणक तंत्रज्ञ आहे. कारखान्यात पंपांची लोखंडी अंगे ओतली जातात. भट्टीच्या जागेला लागून काचेच्या भिंतीचे ऑफिस आहे, आणि ऑफिसच्या मागे जुन्या न्हाणीघराला दार लावून केलेल्या खोलीत संगणक असतो. त्या खोलीला एकच कडी, ती आतून. भट्टीवरचे मुकादम हे अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कागदात 'दाजी' लिहिणे शोभत नाही याची जाणीव आहे, पण दुसरे काही लिहायला हात धजत नाही. दाजींचा धाकटा भाऊही भट्टीवरच होता. अर्जदाराच्या बहिणीचे लग्न झाले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि घरात आई नव्हती. बहिणीने त्याला पोटच्या लेकरासारखे वाढवले. सगळे त्याला धाकटा म्हणत. तो चोवीस वर्षांचा झाला तरी धाकटाच राहिला.

२. चालू महिन्याच्या ४ तारखेस जुनी मशीन जळाली आणि नवी बसवायची वेळ आली. आमची मशीन युनिक्स नावाच्या प्रणालीच्या घराण्यातली. तीत प्रत्येक फायलीला एक मालक असतो. मालकाला फायलीत लिहिता येते, इतरांना नुसती वाचता येते. मशीन मालकाचे नाव लक्षात ठेवत नाही, त्याचा क्रमांक ठेवते. नाव सांगायची वेळ आली की खातेदारांची यादी उघडून त्या क्रमांकासमोरचे नाव वाचून दाखवते. जुन्या मशीनवर १००१ क्रमांक साखळ्या-हुकांच्या तपासणीसाचा होता, १००२ भांडाराचा, १००३ भट्टीचा आणि १००४ गेटचा. नव्या मशीनवर खाती उघडताना मॅनेजरसाहेब मागे उभे राहून म्हणाले, "आधी गेटचं कर. बाहेर गाड्या खोळंबल्यात." अर्जदाराने आधी गेटचे केले. १००१ गेटला गेला आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकले. मग अर्जदाराने जुन्या फायली बॅकअपच्या प्रतीवरून जुन्या क्रमांकांसकट नव्या मशीनवर उतरवल्या. क्रमांक जुळवून घ्यायचे असतात, हे अर्जदाराला ठाऊक होते. शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. त्या संध्याकाळी घरी जायची घाई होती, यापलीकडे कारण नाही.

अशा रीतीने क्रेनच्या साखळ्यांच्या सर्व तपासणी-फायली गेटवरच्या पहारेकऱ्याच्या मालकीच्या झाल्या. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याला संगणकावर फक्त गाडीचा नंबर टाकता येतो.

३. पहिल्या दोन दिवसांत भांडारवाल्याने कुरकुर केली. अर्जदाराने त्याच्या दोन फायली तेवढ्यापुरत्या मोकळ्या करून दिल्या आणि मुळाशी गेला नाही. दि. ८ रोजी दुपारी तपासणीस आला. म्हणाला, "माझ्याच वहीत मला लिहू देत नाही ही. परवानगी नाही म्हणते. तीन नंबरच्या क्रेनच्या साखळीला तडा दिसतोय, 'थांबवा' असा शेरा मारायचाय." अर्जदार त्या वेळी गेटचा प्रिंटर जोडत होता. त्याने वर न बघता सांगितले, "चिठ्ठी लिहून ठेव. तुझी परवानगीही नीट करतो आणि शेराही मी टाकतो." तपासणिसाने चिठ्ठी लिहिली आणि अर्जदाराच्या टेबलावर ठेवली. अर्जदाराने तिच्यावर चहाचा कप ठेवला, उडू नये म्हणून. नंतर विसरला.

नियम असा आहे की रोज सकाळी संगणकातून क्रेनची यादी छापली जाते आणि 'थांबवा' असलेल्या क्रेनला कुलूप लागते. दि. ९ च्या यादीत तीन नंबरसमोर 'ठीक' आले. तपासणिसाने ते पाहिले. रात्रपाळीने साखळी बदलली असावी, असे त्याला वाटले. त्याची चूक नाही. त्याने शब्द घेतला होता.

४. दि. ९, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. दोन टन वितळलेले लोखंड भरलेली बादली तीन नंबरच्या क्रेनला लटकून साच्यांकडे निघाली. धाकटा साच्यांच्या रांगेत उभा राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करत होता. साखळीची कडी तुटली त्याचा आवाज बंदुकीसारखा आला. बादली एका अंगाने कलंडली, रस जमिनीवर आला, जमीन ओली होती, आणि ओलीवर पडलेला रस तोफेसारखा उडाला. पांढऱ्या आगीचा एक पडदा उभा राहिला आणि धाकटा त्याच्या पलीकडे होता. तो एकदाच ओरडला. पडदा खाली बसला तेव्हा कमरेखाली माणूस म्हणावे असे काही उरले नव्हते, आणि वरचा माणूस अजून हात हलवून खूण करत होता. सहा-सात मिनिटे तो जिवंत होता. महोदया, आपल्या नोटिशीत 'तात्काळ मृत्यू' असे लिहिले आहे. ते दुरुस्त करावे.

अर्जदाराने हे काचेतून पाहिले. मग त्याची नजर टेबलावर गेली. कप तिथेच होता. अर्जदाराने चिठ्ठी उचलली आणि खिशात घातली. सांगण्यासाठी नव्हे, लपवण्यासाठी घातली.

५. साडेअकराच्या सुमारास भट्टीवरची माणसे ऑफिसात घुसली. चाळीसएक असतील. पुढे दाजी. त्यांच्या हातात साचे फोडायची पहार होती आणि ती आपण धरली आहे हे त्यांना माहीत नसावे, अशी धरली होती. मॅनेजरसाहेब मागच्या जिन्याने निघून गेले होते. दाजींनी एवढेच विचारले, "तीन नंबरला ठीक कुणी म्हटलं?"

तपासणीस पुढे आला. म्हणाला, "मी थांबवा लिहायला गेलो होतो. मशीननं घेतलं नाही. वही माझ्या नावावर नाही म्हणते."

"मग कुणाच्या नावावर आहे?"

ऑफिसातल्या पडद्यावर फायलींची यादी उघडलीच होती. प्रत्येक फायलीसमोर मालकाचे नाव येते. कुणीतरी बोट ठेवून मोठ्याने वाचले: गेट. गेट. गेट. गेट. वरपासून खालपर्यंत गेट.

नेमके त्याच वेळी पहारेकरी आत आला. त्याला सगळे शिट्टीमामा म्हणतात, कारण गाडी मागे घेताना तो बोटांनी नव्हे, गळ्यातल्या शिट्टीने दिशा दाखवतो. वय अठ्ठावन्न. दोन मिनिटे उशीर झाला तरी हजेरीवर लाल खूण करणारा माणूस. त्या चाळीस जणांत त्याच्या लाल खुणेचा डाग नसलेला एकही नसेल. गर्दी पाहून तो सवयीने म्हणाला, "चला चला, बाहेर व्हा, वाट मोकळी करा." आणि शिट्टी तोंडात धरली.

पहिला फटका दाजींचा. पहारीचा नव्हे, मुठीचा. शिट्टी दातांसकट आत गेली. पुढचे फटके कुणाचे, हे सांगणे अवघड आहे. जे ओळखू आले त्यांची नावे सहपत्र पाचमध्ये दिली आहेत. शिट्टीमामा काउंटरच्या कडेवर आपटले आणि जबडा मोडला, तो आवाज साऱ्या ऑफिसात ऐकू आला. ते खाली पडल्यावर बूट सुरू झाले. भट्टीचे बूट, पुढे लोखंडी टोक. एकाने त्यांचा उजवा हात फरशीवर पसरून धरला आणि दुसरा त्यावर उभा राहिला. "याच बोटांनी केलंस ना? याच ना?" शिट्टीमामा मोडक्या जबड्याने एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. आधी कुणाला कळले नाही. ते म्हणत होते, "मला फक्त गाडीचा नंबर टाकता येतो."

६. या वेळी अर्जदार कुठे होता, हे आपण विचारलेले नाही. विचारायला हवे होते. अर्जदार चार पावलांवर उभा होता. तो "थांबा" म्हणाला. एकदाच म्हणाला, आणि गर्दीत ते त्याचे त्यालाही नीट ऐकू आले नाही. दाजींना मात्र आले. त्यांनी मान वळवून सांगितले, "तू आत जा. बहिणीकडे बघून सांगतोय, आत जा." अर्जदार आत गेला. न्हाणीघराच्या खोलीत शिरून त्याने आतून कडी घातली.

मग त्याने जे केले ते त्याला अजून धड सांगता येत नाही, तरी सांगणे भाग आहे. बाहेर माणसाची हाडे मोडत होती आणि आत अर्जदार मालकी दुरुस्त करायला बसला. डोक्यात एवढेच होते की पडद्यावरून 'गेट' हा शब्द गेला की मार थांबेल. घाईतही हात बरोबर चालले, याची त्याला लाज वाटते. ही दुरुस्ती सरळ होत नाही. १००१ च्या फायली तपासणिसाला द्याव्यात, तर नव्या मशीनवर तपासणीस १००२ आहे आणि १००२ वर भांडाराच्या फायली आधीच बसलेल्या. एकदा दोघांच्या फायली एकाच क्रमांकाखाली मिसळल्या की कुणाच्या कुठल्या, हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी प्रत्येकाच्या फायली रिकाम्या क्रमांकांवर हलवायच्या, नऊ हजार एक, नऊ हजार दोन असे, आणि मग तिथून एकेक करून खऱ्या मालकाकडे आणायच्या. अर्जदाराने तसे केले. कुठलीही दुरुस्ती करण्याआधी होती ती स्थिती छापून घ्यायची, ही त्याची अकरा वर्षांची सवय. सवयीने त्याने यादी छापली. चौदा पाने निघाली. ती त्याने सदऱ्याच्या आत पोटाशी खोचली.

काम संपायला नऊ मिनिटे लागली. तो बाहेर आला तेव्हा मार थांबला होता, पण दुरुस्तीमुळे नव्हे. मारणारे दमले होते. शिट्टीमामांना पायाला धरून ऑफिसच्या पायऱ्यांवरून खाली ओढले होते आणि प्रत्येक पायरीवर डोक्याचा डाग होता. कुणीतरी पुन्हा पडद्याकडे पाहिले. नाव बदलले होते. "बघा, पुसलं! याचा आतला कुणीतरी साथीदार आहे!" असा गिल्ला झाला. त्यावर पुन्हा दोन लाथा बसल्या. त्या दोन लाथा सर्वस्वी अर्जदाराच्या दुरुस्तीच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो शिट्टीमामांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्यासी आधीच अर्धा मेला होता.

७. दि. १० रोजी मॅनेजरसाहेबांनी अर्जदाराला केबिनमध्ये बोलावले. अर्जदाराने त्यांना क्रमांकांचा घोळ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गेटवाल्याचं नाव आलंय ना? येऊ दे. तू तोंड उघडलंस तर मुदत संपलेली साखळी आपण बदलली नाही हेही निघेल. तुझी बहीणही तुला दारात उभं करणार नाही." नंतर त्यांनी जळालेली जुनी मशीन मागवली, अर्जदाराच्या डोळ्यांदेखत भंगाराच्या ढिगात टाकली आणि तो ढीग भट्टीत लोटायला लावला. ज्या भट्टीचा रस धाकट्यावर पडला, तीच भट्टी. चौदा पानांबद्दल त्यांना माहीत नाही. खातेदारांची जुनी यादी अर्जदाराने मशीन बदलताना नव्या मशीनवर उतरवली होती, हेही माहीत नाही.

८. दि. १३ रोजी अर्जदार दवाखान्यात गेला. शिट्टीमामांचा जबडा तारांनी बांधलेला. एक डोळा गेला आहे. उजव्या हाताची तीन बोटे वळत नाहीत. दाराशी पोलीस, कारण ते आरोपी आहेत. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, मामींनी, अर्जदाराला ओळखले. तो काही बोलण्याआधीच त्यांनी स्टीलचा तांब्या उचलून त्याच्या कपाळावर हाणला. भुवईवर तीन टाके पडले. त्या म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातून आलेला दिसलास, एवढंच पुरे." अर्जदाराने रक्त पुसत पलंगापाशी उभे राहून सगळे सांगितले: क्रमांक, घाई, चिठ्ठी, कडी. शिट्टीमामांनी एका डोळ्याने ऐकले. मग डाव्या हाताने पाटी मागितली आणि बराच वेळ काढून लिहिले, "त्या मशीनमधून माझं नाव काढ." अर्जदाराने त्याच दिवशी गेटचे खाते बंद केले. त्यांनी दुसरे काही मागितले नाही. शिवीही दिली नाही. अर्जदार ती ऐकायला तयार होता.

९. दि. १७ रोजी अर्जदार दाजींच्या घरी गेला. बहिणीने दार उघडले. आठ दिवसांत तिचे केस पांढरे झाले असे लिहायचे मनात होते, पण ते खरे नाही. तिचा आवाज गेला होता. दाजी खाटेवर बसले होते. अर्जदाराने उभ्याउभ्या सांगून टाकले आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

दाजींनी ती दोनदा वाचली. मग विचारले, "नंबर टाकलेस तो हात कुठला?"

अर्जदाराने उजवा हात पुढे केला. दाजी उठले, मनगट धरून त्याला दाराशी नेले, हात चौकटीत ठेवला आणि दार लोटले. एकदा. हाडे मोडल्याचा आवाज आला तरी ते थांबले नाहीत, पुन्हा लोटले. तिसऱ्या वेळेला बहीण मध्ये आली आणि पाठ देऊन दार अडवून उभी राहिली. तिने दाजींना म्हटले, "झालं असेल तर आता ऐका. त्या माणसाला काही न विचारता मारलंत. हा निदान न विचारता सांगायला आला."

दाजी खाली बसले. जमिनीवरच. म्हणाले, "मग मी मारलं कुणाला?"

उत्तर तिघांनाही माहीत होते.

निघताना बहीण अर्जदाराला म्हणाली, "त्याला मी माझ्या हातानं भरवलंय. तुला मी माफ करणार नाही, जन्मात नाही. पण तू लिहून दे. सगळं लिही. यांचंही लिही."

म्हणून लिहिले आहे. हाताला झालेल्या इजेबद्दल अर्जदाराची कोणाविरुद्धही तक्रार नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, तो केवळ खालील सही कार्यालयातील नमुन्याशी जुळत नाही याचा खुलासा म्हणून.

१०. तरी विनंती की, शिट्टीमामा यांचा तपासणी-फायलींशी काडीइतकाही संबंध नव्हता, असा अहवाल आपण पोलिसांना आजच्या आज द्यावा आणि त्यांच्या खाटेशेजारचा पोलीस उठवावा. धाकट्याच्या मृत्यूत अर्जदाराच्या निष्काळजीपणाचा वाटा किती, तो कायद्याने ठरवून त्याच्या पदरात घालावा. कमी करू नये. साखळी न बदलल्याबद्दल आणि पुरावा भट्टीत घातल्याबद्दल मॅनेजरसाहेबांना विचारणा व्हावी. नवी मशीन सध्या बरोबर चालते. गेटचे बंद खाते सोडले तर प्रत्येक फाइल ज्याची त्याच्या नावावर आहे. अर्जदाराने ती तीनदा पडताळली आहे आणि त्यापासून त्याला कसलेही समाधान मिळालेले नाही.

शेवटची गोष्ट. हा अर्ज देण्यासाठी अर्जदार एकटा आलेला नाही. दाजी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले आहेत. त्यांना कुणी आणलेले नाही. आज सकाळी अर्जदार घराबाहेर पडला तेव्हा ते कोपऱ्यावर उभे होते, आणि बरोबर चालू लागले. पहिला फटका आपला होता, असे ते स्वतःच्या तोंडाने सांगणार आहेत. त्यांना आत बोलवावे. पोलिसांना बोलावल्यास आणि हातकडी घालायची झाल्यास एवढी विनंती, की त्यांचे दोन्ही तळहात मनगटापर्यंत भाजलेले आहेत. धाकट्याला आगीतून ओढताना भाजले. अर्जदाराला ते आज वाटेत दिसले; त्यांनी स्वतःहून अजून कुणाला दाखवलेले नाहीत, पट्टीही बांधू दिलेली नाही. बेडी सांभाळून घालावी.

आपण बोलवाल तेव्हा हजर राहण्यास बांधील,

(डाव्या हाताची सही)
अर्जदार, संगणक तंत्रज्ञ, ओतकाम कारखाना
दिनांक: २२ ऑक्टोबर

सहपत्रे:
१. तपासणिसाची दि. ८ ची मूळ चिठ्ठी, चहाच्या डागासह.
२. दुरुस्तीपूर्वीची मालकीची यादी, पाने चौदा, घामाने पुसट.
३. जुन्या व नव्या मशीनवरील खातेदारांचे क्रमांक.
४. अर्जदाराच्या हाताचा वैद्यकीय दाखला.
५. दि. ९ रोजी मारहाण करताना ओळखू आलेल्या इसमांची नावे. पहिले नाव दाजींचे आहे. सातवे, कडी लावून आत बसलेल्या अर्जदाराचे.